पेशींतली निंदणी आणि आमचीं तणनाशकें

माझे वडील बंधू आयुष्यभर शेती करीत आले. चार वर्षांमागें त्यांच्या उजव्या हाताचीं बोटें, कांहीं काम नसतां, गोळी वळल्याप्रमाणें आपोआप हलूं लागलीं. पुढें पाय घासूं लागला, आणि अर्जावरील सही महिन्यागणिक बारीक होत गेली. सह्या पाहण्यांत जन्म गेल्यामुळें ती गोष्ट प्रथम माझ्याच ध्यानांत आली. डॉक्टरांनीं पार्किन्सनचा रोग, म्हणजे ज्यास आपण कंपवात म्हणतों तो, असें निदान केलें. बंधूंनीं पंधरा वर्षें पाठीवरच्या पंपानें तणनाशक मारलें होतें, तेंही बहुधा अनवाणी. त्यामुळेंच रोग झाला असें मी म्हणत नाहीं. एका माणसावरून तसा निकाल देतां येत नाहीं, आणि पुराव्याशिवाय नोंद घालण्याची मला संवय नाहीं. परंतु त्या निमित्तानें जें वाचलें व विचारून घेतलें, तें शेतकरी बंधूंपुढें मांडणें मी कर्तव्य समजतों.

आपलें शरीर पेशींचें बनलेलें आहे. बहुतेक प्रत्येक पेशींत तंतुकणिका असतात. डॉक्टर लोक त्यांस मायटोकाँड्रिया म्हणतात. अन्न व प्राणवायु ह्यांपासून पेशीला लागणारी शक्ति मुख्यत्वें त्याच तयार करतात. चूल म्हटली कीं धूर आलाच. त्याप्रमाणें ह्या कामांत कांहीं दाहक द्रव्येंही निघतात, व त्यांनीं कणिका हळूहळू बिघडतात. बिघडलेली कणिका शक्ति कमी देते व दाह अधिक करते. म्हणून ती वेळींच काढून टाकावी लागते.

कचेरींत जुने कागद छाटण्याच्या कामास निंदणी असेंच नांव आहे. अ वर्गाचे कागद कायम ठेवावयाचे, ड वर्गाचे वर्षानें नष्ट करावयाचे, असा तो प्रकार. माझ्या नोकरींत एका दप्तरखान्यांत हें काम वर्षानुवर्षें तुंबलेलें मीं पाहिलें. रद्दीला लागलेली वाळवी शेवटीं चांगल्या फेरफार-नोंदींपर्यंत गेली. पेशींत हेंच काम दोन प्रथिनें करतात. पिंक-१ नांवाचें प्रथिन निरोगी कणिकेंत शिरतें व तेथें लगेच तोडलें जातें. कणिका निकामी झाली, तिच्या आवरणावरील विद्युद्भार उतरला, कीं तें आंत जाऊं शकत नाहीं व बाहेरच्या आवरणावर सांचतें. ही खूण पाहून पार्किन नांवाचें दुसरें प्रथिन तेथें येतें व कणिकेवर शिक्क्यांची माळ उठवितें. मग तिच्याभोंवतीं पिशवी तयार होते, ती पेशींतील पाचक कोठाराला मिळते, आणि कणिकेचे सुटे भाग पुन्हां उपयोगांत येतात.

पार्किनचें जनुक १९९८ सालीं जपानी संशोधकांनीं शोधलें, तें ऐन तारुण्यांत कंपवात जडलेल्या कुटुंबांच्या तपासांतून. पिंक-१ चा ह्या रोगाशीं संबंध २००४ सालीं कळला, आणि पार्किन बिघडलेल्या कणिकांकडेच धांवतें हें २००८ सालीं दिसून आलें. पेशी स्वतःचेच भाग कसे पचविते हें यीस्टवर दाखविणाऱ्या योशिनोरी ओसुमी ह्यांस २०१६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. बहुतेक रोग्यांत हीं जनुकें शाबूत असतात. परंतु निंदणी अडली तर काय होतें हें त्या थोड्या कुटुंबांनीं शिकविलें. कातडीची पेशी मेली तर दुसरी येते. मेंदूच्या तळाशीं असलेल्या ज्या काळ्या भागांतील पेशी हालचालींवर ताबा ठेवितात, त्या मेल्या तर त्यांच्या जागीं नव्या येत नाहींत. आणि हात कांपूं लागण्यापूर्वींच त्यांतील पुष्कळशा गेलेल्या असतात.

आतां आपल्या पंपाकडे वळूं. १९८२ सालीं कॅलिफोर्नियांत कांहीं तरुणांनीं नशेसाठीं बनावट द्रव्य टोंचून घेतलें, आणि थोड्याच दिवसांत ते पार्किन्सनच्या रोग्यांप्रमाणें ताठरले. त्या द्रव्यांतील विष तंतुकणिकांचें काम बंद पाडतें असें पुढें ठरलें. शरीरांत त्याचें जें रूप होतें त्याची रचना पॅराक्वाट ह्या तणनाशकासारखी आहे, आणि पॅराक्वाट पेशींत तींच दाहक द्रव्यें वाढवितें. डेरिस वेलीच्या मुळांतून निघणारें रोटेनोन हें कीटकनाशकही कणिकांवरच आघात करतें. वनस्पतीपासून झालें म्हणून निरुपद्रवी, असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. अमेरिकेंतील आयोवा व नॉर्थ कॅरोलिना ह्या प्रांतांतील फवारणी करणाऱ्यांची पाहणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. तींत हीं दोन औषधें वापरणाऱ्यांत ह्या रोगाचें प्रमाण सुमारें अडीच पट आढळलें. सर्वच पाहण्यांत संबंध इतका ठळक दिसलेला नाहीं, आणि विकणाऱ्या कंपन्या तो मानीत नाहींत. तरीही युरोपीय संघांत पॅराक्वाटची परवानगी २००७ सालीं रद्द झाली, आणि फ्रान्सनें २०१२ सालीं कीटकनाशकें हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा हा रोग व्यवसायजन्य म्हणून मान्य केला.

कोणी म्हणेल, निंदणीला माणूस मिळत नाहीं, मजुरी परवडत नाहीं, मग करावें काय? ही अडचण खोटी नाहीं; माझ्याच शेतांत दोन दिवस माणसें न मिळाल्यानें सोयाबीन तणांत बुडालें होतें. परंतु ज्या औषधाचा घोट पोटांत गेल्यास उतारा नाहीं, आणि ज्याच्या धिम्या परिणामाचा एवढा संशय आहे, तें आपल्या संघाच्या दुकानांत तेलाच्या डब्याशेजारीं ठेवूं नये, किंबहुना मुळींच विकूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. सरकी कोळपणी वेळेवर झाली तर अर्धें तण हाताबाहेर जात नाहीं. इतर औषधें मारावयाचींच असतील तर गळका पंप, उघडे पाय व वाऱ्याच्या तोंडावरची फवारणी बंद झाली पाहिजे. मालक बांधावर छत्रींत आणि सालदार औषधांत भिजलेला, हें चित्र तर आपणांस शोभत नाहीं.

हल्लीं पेशी स्वच्छ करण्याचीं चूर्णें बाजारांत आलीं आहेत. बंधूंसाठीं तीं सुचविणारे आप्त मला आठवड्यास एक तरी भेटतात. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतें व कंपवातावर तेंच डॉक्टरही देतात, हें खरें. परंतु त्यानें उणीव भरून निघते, गेलेली पेशी परत येत नाहीं, व मात्रा आपल्या मनानें घेणें धोक्याचें आहे. बंधू डॉक्टरांच्या गोळ्या घड्याळ लावून घेतात. गोळी लागू झाली कीं दोन-तीन तास ते बैलांस वैरण घालूं शकतात. पंप मीं माळ्यावर टाकला आहे. संघाच्या येत्या वार्षिक सभेंत दुकानाविषयींचा ठराव मी मांडणार आहें. अनुमोदन देऊं इच्छिणाऱ्या सभासदांनीं आधीं कळवावें.