तेलाला वास असावा की नसावा?

विषय स्वयंपाकघरातला आहे म्हणून विद्वज्जनांनी पान उलटू नये, ही आरंभीच विनंती. वार्षिकाच्या पानांवर अस्तित्ववाद येतो, नवकविता येते, हुंड्याचा निषेध तर दरवर्षी न चुकता येतो. मग तेलानेच कोणाचे घोडे मारले आहे? सकाळी घरातून निघताना आपण जो डबा पिशवीत टाकतो, त्यात तत्त्वज्ञान असो वा नसो, तेल निश्चित असते.

निमित्त झाले एका काळपट बाटलीचे. दादरच्या एका दुकानात सोया सॉस आणि व्हिनेगर यांच्या शेजारी ती उभी होती. वीतभर उंची, आत कोऱ्या चहासारखे तपकिरी तेल आणि किंमत अशी की आधी चष्मा पुसून पुन्हा वाचावी. भाजलेल्या तिळांचे तेल. एका मैत्रिणीने ती हौसेने घेतली. घरी नूडल्स करताना तिने ते तेल आपल्या नेहमीच्या तेलासारखे पळीभर कढईत ओतले, चांगले तापवले आणि त्यात कांदा परतला. धूर झाला, कडवट चव आली, आणि बाटली फडताळात मागे गेली. मी मात्र तिचे झाकण उघडून वास घेतला नि थबकलो. हा वास परदेशी नव्हताच मुळी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी लालबागच्या कोणत्याही चाळीत जिन्यापासून जो वास येतो, तोच हा. फक्त बाटलीत भरलेला आणि दहापट महाग.

मग माझ्या मनात प्रश्न आला, की तीळ आपला, वासही आपला, तर हे तेल आपल्याला सोया सॉसच्या शेजारी का भेटावे?

भाषेकडे पाहिले तर हा प्रश्न अधिकच बोचतो. ‘तेल’ हा शब्द ‘तैल’ यावरून आला आणि तैल म्हणजे तिळापासून निघालेले ते. म्हणजे आपण ‘शेंगदाण्याचे तेल’ म्हणतो तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशेबाने ‘शेंगदाण्याचे तिळाचे’ असे काहीतरी विनोदी बोलत असतो. तमिळांचेही असेच. त्यांचा ‘एण्णै’ हा शब्द ‘एळ्’ म्हणजे तीळ आणि ‘नेय्’ म्हणजे तूप यांच्या जोडणीतून झालेला. उत्तरेची भाषा घ्या की दक्षिणेची, तेल म्हटले की पहिल्यांदा तीळच आठवत असला पाहिजे. हडप्पाच्या उत्खननातही जळून कोळसा झालेले तीळ सापडले आहेत, इतकी ही जुनी ओळख. आपल्या बोलण्यात तर तीळ जागोजागी सांडलेले आहेत. आपला जीव तीळतीळ तुटतो, रागाने तिळपापड होतो, एक तीळ सात जणांत वाटला जातो आणि अलिबाबाची गुहासुद्धा मराठीत तिळालाच हाक मारून उघडते. नकोशा गोष्टीचा निरोप घेतो तेव्हा तिला तिलांजली देतो. तशी आपण तिळाच्या तेलालाच तिलांजली दिली. उरले ते शनिवारी मारुतीला वाहायला, समईत घालायला आणि वैद्याने सांगितले तर गुडघ्याला चोळायला.

हे एका दिवसात झाले नाही, आणि कोणी दुष्टपणाने केले असेही नाही. तेल गावोगावच्या घाण्यावर निघे आणि ज्या भागात जे पिके त्याचे निघे. किनाऱ्यावर खोबरेल, देशावर करडई, आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला भुईमूग एकोणिसाव्या शतकात दख्खनेत पसरल्यावर शेंगदाण्याचे. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, घाण्यांची एक हकिकत इथे सांगायचा मोह आवरत नाही. तिथले बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या तेल गाळण्याचा धंदा करीत. शब्बाथ पाळायचा म्हणून त्यांचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांतले पुष्कळजण पुढे मुंबईत आले. मांडवीत १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी बांधवलेले त्यांचे प्रार्थनालय आजही आहे, आणि मशीद स्टेशनचे नाव त्याच्यावरूनच पडले असे सांगतात. गंमत पाहा, शनिवारी तेल विकत घेऊ नये असे मानणारी घरे गिरगावात आजही आहेत. एकाने शनिवारी गाळायचे नाही, दुसऱ्याने घ्यायचे नाही, आणि दोघांची कारणे मात्र दोन टोकांची!

तर गिरणगावात माणसे आली ती आपापल्या तेलाचा वास घेऊन आली. साताऱ्याकडच्या खोलीतून एक वास, मालवणच्या खोलीतून दुसरा. गॅलरीतून चालत गेले की डोळे मिटूनही कोणाचे दार आले ते कळावे. हे वास एका रंगावर आणायला सुरुवात झाली ती परळच्या शेजारच्या शिवडीत. तिथल्या कारखान्यात १९३२ साली वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले आणि १९३७ साली ‘डालडा’ हे नाव बाजारात आले. द्रव तेलावर हायड्रोजनची क्रिया करून ते तुपासारखे थिजवायचे, असा हा प्रकार. दिसायला तूप, किंमत तुपाहून कमी. साहजिकच तुपात त्याची भेसळ होऊ लागली.

आणि इथे तिळाच्या तेलाची जी कामगिरी आहे ती फार थोड्यांना ठाऊक असते. सरकारला भेसळ पकडायची होती, पण वनस्पती तूप खऱ्या तुपात मिसळले की ओळखायचे कसे? उपाय निघाला तो असा, की वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत ही अट होती आणि २०११ च्या नव्या नियमांतही ती आली. कारण तिळाच्या तेलात असे द्रव्य आहे की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरॉल यांच्या संगतीत ते गुलाबी-तांबडा रंग दाखवते. फरफ्युरॉल नसेल तर चिमूटभर साखर चालते, आम्लात तिच्यापासून तसेच द्रव्य तयार होते. आम्हा कला शाखेच्या मंडळींना प्रयोगशाळेचे दार वर्ज्य असले, तरी विज्ञानाच्या मित्रांनी हा प्रयोग परीक्षानळीत केलेला असतो. तूप वितळवा, आम्ल आणि साखर घाला, हलवा. खालचा थर लाल झाला की तुपात भेसळ आहे.

मला यातली एक गोष्ट विलक्षण वाटते. देशात इतकी तेले असताना पोलिसाच्या कामावर तिळाचे नेमले गेले, कारण त्याला आपली ओळख लपवता येत नाही. गाळा, धुवा, शुद्ध करा, तरी ते ‘मी तीळ’ म्हणून सांगतेच. आणि ज्या चाळींनी तिळाचे तेल खाणे सोडले होते, त्या चाळींतल्या प्रत्येक पिवळ्या डब्यातून ते वीस भागांत एक या प्रमाणात, कोणाच्या ध्यानीमनी नसताना पोटात जात राहिले!

त्यानंतर रेशनवर आयात पामोलिन आले, मग पिशव्यांतून सूर्यफुलाचे आणि सोयाबीनचे रिफाइंड आले. रिफाइंड करणे म्हणजे काय? तेलातले आम्ल काढायचे, विशिष्ट मातीतून नेऊन रंग काढायचा, आणि शेवटी निर्वात टाकीत तापलेल्या तेलातून वाफ सोडून वास काढायचा. या शेवटच्या पायरीचे नावच गंधहरण. म्हणजे वास हा तेलाचा गुण नसून मळ आहे, असे कारखान्याने ठरवले आणि जाहिरातींनी ते आपल्याला पढवले. ‘हलके’, ‘शुद्ध’, ‘स्वच्छ’. ज्याला वास आहे ते जड, जुनाट, गावंढळ.

इथे रिफाइंडची बाजू मांडली नाही तर तो अन्याय होईल. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे, कोपऱ्यात स्टोव्ह, त्याच्या मागेच वाळत घातलेले कपडे. अशा घरात तळण काढणाऱ्या बाईला बिनवासाचे, कमी धुराचे आणि परवडणारे तेल मिळाले याबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार कोणाला आहे? निदान लाकडी घाण्यावर भाषणे देणाऱ्या पुरुषांना तरी नाही, कारण त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात एकदाही तेलकट भिंत घासलेली नसते. पुरी, भजी, चकली खुशाल रिफाइंडमध्ये तळावी. माझी तक्रार तेलाविषयी नाहीच. बिनवासाचे तेल वापरता वापरता बिनवासाचे घर हाच सभ्यपणा, असे जे आपण मानू लागलो, त्याविषयी आहे.

उदाहरण आमच्याच भागातले देतो. एक जुनी चाळ पाडून तिथे उंच इमारत झाली. जुन्या भाडेकरूंना एका बाजूची घरे मिळाली. पहिल्याच उन्हाळ्यात, मसाल्याच्या दिवसांत, लिफ्टमध्ये सूचना लागली : ‘रहिवाशांनी घरात मिरच्या भाजू नयेत, उग्र वासाचा उपद्रव होतो.’ लालबागमध्ये! जिथे चैत्र-वैशाखात मिरची गल्लीतून जाताना शिंका देत देत जायचे आणि डंकावरून मसाला कुटून आणलेल्या बाईला वाटेत चार जणींनी ‘यंदा रंग कसा आला?’ म्हणून विचारायचे, तिथे. आज मिरच्या, उद्या सुकट, परवा तीळ. पिढ्यान् पिढ्या ज्या वासावरून शेजार ओळखला, त्याचा आता उपद्रव झाला. आणि हेच सूचना लावणारे सद्गृहस्थ लोअर परळच्या एखाद्या मॉलमध्ये जाऊन कोरियन जेवणातल्या भाजक्या तिळाच्या सुवासाचे कौतुक करतील. आपल्या वासाची लाज वाटायला शिकायचे आणि मग तोच वास बाटलीतून विकत घ्यायचा, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो.

आता त्या काळपट बाटलीचा न्याय करू. चीन, कोरिया, जपान इथे तीळ आधी चांगले भाजतात आणि मग गाळतात. भाजताना जी सुगंधी द्रव्ये तयार होतात ती तेलात उतरतात. म्हणून ते गडद आणि घमघमीत. आपल्याकडे घाण्यावर कच्चेच तीळ पडतात, म्हणून तेल फिके आणि वासाने सौम्य. दोन्ही तिळाचीच, पण कामे वेगळी. फिके तेल रोजच्या फोडणीला चालते. दादरहून एक स्टेशन पुढे माटुंग्याला गेलात तर तमिळ दुकानात ते ‘नल्लेण्णै’, म्हणजे ‘चांगले तेल’, या नावाने मिळते. तिथे इडलीबरोबरच्या मिरचीपुडीत ते कच्चेच कालवतात. आणि तिथल्या गृहिणीला त्या वासाची कोणी लाज घातलेली नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. गडद तेल मात्र तापवायचे नाही. पदार्थ खाली उतरवल्यावर वरून चमचाभर, कधी चार थेंब. फोडणीत घातले की सुगंध उडून जातो आणि मागे कडवटपणा राहतो. मैत्रिणीच्या कढईत तेच झाले.

मेथीच्या पालेभाजीवर, गरम पिठल्यावर, काकडीच्या कोशिंबिरीवर, उकडलेल्या बटाट्यावर मीठ-मिरचीसोबत ते घालून पाहावे. मुगाच्या खिचडीवर तर फारच छान. ज्यांना बाटली परवडते त्यांनी जरूर आणावी. चांगली वस्तू कोणत्या देशाची आहे हे विचारत बसू नये.

पण ज्यांना परवडत नाही त्यांनी हळहळू नये. तिळात जवळजवळ निम्मे तेलच असते. आमची आजी साताऱ्याकडची. तिने ‘टोस्टेड’ हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. लोखंडी तव्यावर मंद आचेवर ती तीळ भाजायची, आणि पहिले चार तीळ तडतडून उडाले की तवा खाली. रंग पुरता बदलायची वाट ती कधी पाहत नसे. तवा तापलेला असतो, उरलेले काम तोच करतो, असे तिचे म्हणणे. मग खलबत्त्यात तीळ, लसूण, तिखट, मीठ. कुटता कुटता बत्त्याला तेल सुटू लागे आणि तो वास गॅलरीच्या टोकापर्यंत जाई. शेजारची मालवणची सून दारात येऊन म्हणायची, “आजी, तीळ भाजलेत ना आज?” आजी मान वर न करता सांगायची, “व्हय, वाटी घेऊन ये.” पुढच्या आठवड्यात त्या वाटीतून ओल्या खोबऱ्याची चटणी परत यायची. रिकामी वाटी परत देण्याची रीत आमच्या मजल्यावर नव्हती.

करायचेच असेल तर एवढे करा. वाटीभर पॉलिश न केलेले तीळ घ्या. संक्रांतीची वाट पाहू नका, ते बाराही महिने मिळतात. वर सांगितल्याप्रमाणे भाजा आणि कोमट असतानाच भरड कुटा. त्यावर माटुंग्याच्या फिक्या तेलाचे दोन चमचे घाला आणि झाकून तासभर ठेवा. गरम भाकरीबरोबर खा. भाजताना खिडकी लावून घेऊ नका. लिफ्टमध्ये सूचना लागली तर तिच्याखाली स्वच्छ अक्षरात आपला खोली क्रमांक लिहा, आणि वाटी घेऊन येण्याची वेळही.