झाड मेलं, हे ठरवायचं कसं?

उन्हाळा लागला की आमच्या किन्हीराजात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "गुरुजी, हे झाड गेलं का हो?" कोणाच्या दारातला कढीपत्ता असतो, कोणाच्या कुंडीतला मोगरा. रिटायर झालेल्या मास्तरला सगळंच येतं, अशी लोकांची समजूत असते. मीही पूर्वी झाडाकडे एकदा पाहून बिनदिक्कत निकाल द्यायचो. 2019 च्या मे महिन्यापासून मात्र देत नाही. का, ते सांगतो.

आदल्या वर्षी पाऊस कमी पडला होता. त्या उन्हाळ्यात अमरावतीकडे वरूड-मोर्शी भागात संत्र्याच्या उभ्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी झाडांवर कुऱ्हाड चालवली. आमच्या शिवारातही विहिरींनी तळ गाठला होता. माझ्या पुतण्याची संत्र्याची बाग आहे. तिच्या बांधाकडच्या 41 झाडांना पाणी पोचलं नाही. पुतण्यानं मला दाखवायला नेलं. मी बांधावरूनच पाहिलं, पानं नव्हती, फांद्या काळपट दिसत होत्या. म्हटलं, "यात काही राहिलं नाही. काढून टाक." दुसऱ्या दिवशी पाच झाडं तोडून झाली. पाचव्याचा खुंट ओला निघाला.

तेव्हा त्याचा सालदार म्हणाला, "गुर्जी, पानं पायून नोका सांगू. साल पाहा." त्यानं शेजारच्या झाडाची साल नखानं खरवडली. वरचा करडा पापुद्रा निघाला आणि आत हिरवं, ओलसर लागलं. मी बीए झालेला माणूस, तीस-बत्तीस वर्षं शिकवलेला. गप्प उभा राहिलो.

मंडळी, आता जे सांगतो ते त्याच्याकडून आणि नंतर चार बागवाल्यांकडून शिकलेलं आहे.

पानं गळाली म्हणून झाड मेलं असं नाही. उलट पान गाळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. पाणी नाही म्हटल्यावर ते खर्च कमी करतं. काटेपूर्णाच्या जंगलात मे महिन्यात जाऊन पाहा, साग, सालई, मोई सगळे उघडे. कोणी त्यांना मेलेले म्हणत नाही. संत्रावाले तर बहरासाठी बाग मुद्दाम ताणावर सोडतात. पाणी तोडतात, पानं मलूल होऊ देतात आणि मग ताण तोडतात. खरी भीती वेगळी असते. पानं वाळून कुरकुरीत झाली आणि तरी फांदीला चिकटून राहिली, तर समजावं की पान गाळण्याइतकीही सवड त्या फांदीला मिळाली नाही.

तपासणी शेंड्याकडून खाली करावी. बारीक काडी वाकवून पाहावी. लवली तर ठीक, कटकन मोडली तर ती गेली. मग जाड फांदी खरवडावी, मग खोड. आत तपकिरी आणि कोरडं लागलं तर आणखी खाली यावं. जिथे हिरवं लागेल तिथपर्यंत झाड आहे. शेवटी बुंध्यापासून थोडं दूर माती उकरून बारीक मुळ्या पाहाव्यात. पांढुरक्या, घट्ट असतील तर आशा आहे. काळ्या असतील आणि चिमटीत साल निघून नुसता दोरा हातात येत असेल तर मूळ सडलं आहे. ते बहुतेक पाणी साचल्यानं होतं, त्यावर आणखी पाणी हा उपाय नव्हे.

आणि एक फसवणूक. आपल्याकडचा संत्रा बहुधा जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेला असतो. वरचा संत्रा मरतो आणि जोडाच्या खालून जंबेरी जोमात फुटते. हिरवं दिसलं म्हणून माणूस आनंदतो, दोन वर्षं पाणी घालतो आणि हाती आंबट, जाड सालीचं फळ येतं. म्हणून फूट जोडाच्या वरची की खालची, हे आधी पाहावं.

पुतण्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. तो म्हणाला, "काका, पावसाच्या आत जागा मोकळी झाली तर सोयाबीन पेरता येईल." सहा-सहा मीटरवरची 36 झाडं, म्हणजे जेमतेम तेरा गुंठे. तेरा गुंठ्यांचं सोयाबीन एका हंगामाचं. नवीन कलम लावून फळ घ्यायचं म्हणजे पाच-सहा वर्षं. मी म्हटलं, आर्द्रा संपेपर्यंत थांब, सहा-सात आठवड्यांचाच प्रश्न आहे. माझं ऐकण्याचं कारण नव्हतं, तरी त्यानं ऐकलं.

जिवंत लागलेल्या झाडांची सल काढली, म्हणजे वाळलेल्या काड्या हिरव्यापर्यंत छाटल्या. कापांना एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावली. बुंध्याशी सोयाबीनचं कुटार पसरलं. पाणी टँकरचं, थोडं थोडं. खत नवती येईपर्यंत नाहीच. आळं तुडुंब भरायचा मोह होतो, पण दुबळ्या मुळांना तेच बाधतं.

ऑगस्टमध्ये मोजलं. 21 झाडांवर जोडाच्या वर नवती होती. सहांची जंबेरी फुटली होती. नऊ गेलीच होती. ही पंधरा काढली आणि त्याचं वाईट वाटलं नाही. पाहून, थांबून काढली होती.

शाळेत असताना कापूस वेचणीच्या दिवसांत पोरं महिना महिना यायची नाहीत. मी हजेरीपटावरून नाव कमी करायचो, नियमच होता. पण त्याआधी एकदा घरी जाऊन यावं, हे प्रत्येक वेळी केलं असं म्हणवत नाही. बांधावरून पाहण्याची सवय तेव्हाचीच असावी.

माझं मत एवढंच आहे. तोडायला घाई लागत नाही, तोडलेलं मात्र परत जोडता येत नाही. आधी नख लावा, मग पावसापर्यंत थांबा. नसेल जीव तर खुशाल काढा.

त्या 21 झाडांची संत्री आता घरी येतात. पुतण्या तक्रार करत नाही. पण पहिली पाच झाडं जगली असती का, हे मला आजही सांगता येत नाही. मी ती तपासलीच नव्हती.