साहेबाचे ओटे आणि पिवळी रेघ

आम्हां मराठी माणसांना विज्ञान नको आहे. विज्ञानाची तीर्थक्षेत्रे हवी आहेत. विधान कडू आहे, आणि फराळाच्या ताटाशेजारी कडू वाढू नये हे मलाही कळते. पण नरकचतुर्दशीला गोडाच्या आधी कारीट फोडून जिभेला लावण्याची आमच्या कोकणात रीतच आहे. तेव्हा वाचकांनी रागावू नये.

मागे एकदा आमच्या शाळेची सहल विजयदुर्गला गेली होती. किल्ल्यावर काही ओटे आहेत. त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. माहिती सांगणाऱ्या एका गृहस्थांनी मुलांना गोळा केले आणि मोठ्या अभिमानाने सांगितले, की १८६८ साली लॉकियर साहेबाने येथेच दुर्बीण मांडून सूर्यात हेलियम शोधला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, “सर, फुग्यातला हेलियम आपल्याला दिसत नाही. मग सूर्यातला त्यांना कसा दिसला?”

मी म्हणालो, “मोठी दुर्बीण असते त्यांची. चल, रांगेत उभी राहा.”

तिचा प्रश्न खरा होता आणि माझे उत्तर खोटे होते. मी मॅट्रिकपलीकडे गेलेलो नाही. शिकवतो मराठी, आणि विज्ञानाचे मास्तर रजेवर असले की त्यांचाही तास उरकतो. पण ‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द उच्चारायला कोणती पदवी लागते? घरी आल्यावर लाज वाटली आणि पुस्तके धुंडाळली. तेव्हा कळले, की माझ्या उत्तराइतक्याच त्या टाळ्याही खोट्या होत्या.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण हिंदुस्थानातून दिसले, हे खरे. पण ते पाहायला आलेला फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन बसला होता आंध्रातल्या गुंटूरला. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता. त्याने २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला आणि त्याला एक पिवळी रेघ दिसली. तो विजयदुर्गला आला, ग्रहण पाहायलाच आला, पण २२ जानेवारी १८९८ च्या. तोवर विल्यम रॅम्से याने १८९५ मध्ये युरेनियमच्या एका खनिजातून हेलियम पृथ्वीवरही काढून दाखवला होता. म्हणजे साहेब आमच्या किल्ल्यावर उतरला तेव्हा हेलियमचे बारसे होऊन कितीतरी वर्षे लोटली होती!

“असेना का,” कोणी म्हणेल, “पोरांना अभिमान वाटतो, तर वाटू द्या की!” माझे भांडण येथेच आहे. खोटा सन आपण तोंडपाठ करतो याचे दुःख थोडे; त्या सनाच्या आड खरी नवलाची गोष्ट कायमची झाकली जाते, याचे मोठे. लॉकियर कुठे बसला होता हे आम्ही पोरांना सांगतो. त्याने काय पाहिले आणि त्यावरून त्याने काय ओळखले, हे सांगत नाही.

त्याला वायू दिसलाच नाही. दिसली ती रेघ. शेगडीच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकून पाहा, ज्योत पिवळी होते. तो मिठातल्या सोडियमचा रंग. वर्णपटात त्याच्या दोन रेघा अगदी लगत पडतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. सूर्याची ती रेघ ५८७.६ वर होती. डोळ्याला दोन्ही पिवळेच. पण या एवढ्याशा फरकावरून लॉकियरने ठरवले, की हे सोडियम नव्हे, हे कोणी वेगळेच आहे.

पण रेघ तिथेच का? या ‘का’चे उत्तर द्यायला पुढे साठ वर्षे लागली. आम्ही मास्तर मंडळी फळ्यावर मधे अणुगर्भ काढतो, भोवती वर्तुळे काढतो आणि त्यांवर इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे फिरवतो. इलेक्ट्रॉन खरोखर तसा फिरता, तर प्रकाश सांडत सांडत सेकंदाच्या अब्जांशाच्या आत गर्भावर जाऊन आदळला असता. जगात एकही अणू शिल्लक राहिला नसता, आणि फळा व मास्तरही राहिले नसते. १९१३ मध्ये नील्स बोरने सांगितले, की अणूत इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्याच मोकळ्या आहेत. मध्ये पाय ठेवायला जागा नाही. वरच्या पायरीवरून तो खाली आला, की जेवढे अंतर तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश बाहेर पडतो. पायऱ्या ठरलेल्या, म्हणून रेघाही ठरलेल्या.

बोरला पहिला सामना द्यावा लागला तो आल्फ्रेड फाउलरशी. हा लॉकियरचाच जुना सहायक. काही रेघा फाउलर हायड्रोजनच्या मानत होता. बोर म्हणाला, त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. हेलियमच्या गर्भावर दुप्पट भार, म्हणून पायऱ्यांची ऊर्जा हायड्रोजनच्या चौपट. फाउलरने मोजून दाखवले, की प्रमाण ४ नाही, ४.००१६ येते! आपल्याकडे एवढ्यावर कोणी म्हणाले असते, “जाऊ द्या हो, चारच झाले.” बोर तसे म्हणाला नाही. गर्भ स्थिर नसतो, इलेक्ट्रॉनबरोबर तोही किंचित हलतो, हे धरून त्याने पुन्हा गणित केले. उत्तर आले ४.००१६३. आणि फाउलरने ते मानले. मला विचाराल तर विज्ञानातला अभिमानाचा क्षण तो हा!

तरी दोन्ही इलेक्ट्रॉन शाबूत असलेल्या हेलियमपुढे बोरचे गणित हरले. पिवळी रेघ या हेलियमची. त्याच्या रेघांची दोन वेगळी घराणी दिसत. १८९५ मध्ये तर हे दोन वायूंचे मिश्रण असावे, अशी शंकाही घेतली गेली होती. कोडे १९२६ मध्ये हायझेनबर्गने नव्या पुंजयामिकीने सोडवले. दोन इलेक्ट्रॉन इतके एकसारखे असतात, की ‘हा पहिला, हा दुसरा’ असे म्हणण्याला अर्थच उरत नाही. त्यामुळे त्यांची जोडी दोनच तऱ्हांनी जुळू शकते, आणि एका तऱ्हेतून दुसरीत जाणे जवळजवळ बंद असते. वायू एकच, घराणी दोन. लॉकियरची रेघ त्यांतल्या एका घराण्याची.

एवढी कथा आमच्या हाती असताना आम्ही पोरांना काय दिले? एक ओटा आणि एक चुकीचा सन. विजयदुर्गाचा इतिहास काय थोडा आहे, की त्याला खोट्या जन्मदाखल्याची गरज पडावी? १८९८ ची खरी हकीकत त्याला पुरेशी शोभते. तेथे १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, तोही खुशाल व्हावा. पण त्या दिवशी एखाद्या पोराच्या हाती वर्णपटदर्शक द्यावा, आणि त्याला शेगडीतल्या मिठाच्या दोन रेघा स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्याव्यात. हारतुऱ्यांहून त्याला खर्च कमीच येईल.

त्या मुलीला मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितले, की त्या दिवशी मी तुला खोटे उत्तर दिले. मग पिवळ्या रेघेची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग सर, तिथे सगळ्यांना खोटं का सांगतात?”

या प्रश्नाला मात्र पुस्तकात उत्तर सापडले नाही. ते मी आपणांकडे मागतो आहे.