भाव कळला ना?

‘पाणी’तला ‘णी’ ऱ्हस्व काढणाऱ्या माणसाला आपल्याकडे चारचौघांत मान खाली घालावी लागते. आरतीतला एक शब्द चुकला तर मागच्या रांगेतून कुणीतरी मुद्दाम मोठ्याने बरोबर शब्द म्हणतो. पण व्यासपीठावरून एखादे सन्माननीय पाहुणे गर्जून सांगतात, “यांच्या आयुष्यात तीनशे साठ अंशांचा बदल झाला!” आणि सभागृह टाळ्यांनी दणाणते. तीनशे साठ अंश फिरलेला माणूस होता तिथेच, त्याच दिशेला तोंड करून उभा असतो, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणालाही खुपत नाही. कथेतला नायक नायिकेची ‘हजार प्रकाशवर्षे’ वाट पाहतो. प्रकाशवर्ष हे अंतराचे माप आहे, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. बापड्याने ‘हजार मैल वाट पाहिली’ असे लिहिले असते तर संपादकांनी ते खचित छापले नसते.

विजेची कथा तर याहून मौजेची. ‘या प्रकल्पातून वर्षाला अमुक मेगावॅट वीज मिळणार’ अशी वाक्ये आपण नेहमी वाचतो. मेगावॅट म्हणजे वीज किती जोराने निर्माण होते त्याचा दर. त्याला ‘वर्षाला’ जोडणे म्हणजे ‘ही मोटार वर्षाला ताशी साठ किलोमीटर धावते’ असे म्हणणे. आपण बिल भरतो ते युनिटांचे, म्हणजे किलोवॅट-तासांचे. यंदाच्या आकाशकंदिलात नऊ वॅटचा दिवा लावून तो रोज सहा तास, पाच रात्री जाळा. २७० वॅट-तास होतील. पाव युनिटाहून किंचित अधिक. एवढा हिशेब सातवीतले पोर करील. आणि ज्या खालापूर तालुक्यात खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून आहे, शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचे १९२२ पासून आहे, तिथल्या तरी माणसांना वॅट आणि वॅट-तास यांतला फरक कळायला शंभर वर्षे पुरायला हवी होती!

हे कुणाला दाखवून दिले की ठरलेले उत्तर येते : “जाऊ द्या हो, भाव कळला ना?” माझे भांडण आहे ते या शब्दांशी. गणितात कच्चे असणे ही आपल्या सुशिक्षित समाजात मिरवण्याची वस्तू होऊन बसली आहे, आणि हे शब्द म्हणजे त्या मिरवणुकीवर धरलेली छत्री. भाषणापुरता भाव कळत असेल. व्यवहारात मात्र भाव कळून चालत नाही. माप कळावे लागते, आणि न कळल्याचा भुर्दंड भाषण करणाऱ्याला पडत नाही.

आमच्या चौक गावाच्या आसपासचीच उदाहरणे घेतो. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध असलेल्या या पट्ट्यात जमिनीची बोली गुंठ्यांत होते आणि सातबाऱ्यावर क्षेत्र असते हेक्टर-आरमध्ये. ‘आर म्हणजे गुंठाच की’ असे सर्रास म्हटले जाते. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, आर सुमारे १०७६ चौरस फुटांचा. तेरा फुटांनी काय बिघडते? एकराचे पैसे मोजून चाळीस आर घेणाऱ्याचे पाचशे चौरस फूट बिघडतात, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा. ‘दहा फूट चौरस’ आणि ‘दहा चौरस फूट’ या दोन बोलांत तर दहापटीचे अंतर आहे : पहिल्यात खाट, कपाट मांडून माणूस निजेल, दुसऱ्यात खाटही मावणार नाही.

व्याजाचेही तसेच. गावात ‘दोन टक्क्यांनी पैसे घेतले’ म्हणतात तेव्हा ते दोन टक्के महिन्याचे असतात. बँकेचे बारा टक्के असतात वर्षाचे. आणि शहाणासुरता माणूस म्हणतो, “बँक बारा मागते, सावकार दोनच!” महिना दोन टक्के म्हणजे सरळव्याजाने वर्षाला चोवीस आणि व्याजावर व्याज चढले तर सत्तावीसच्या घरात. आपल्या जुन्या अंकगणिताच्या पुस्तकांत प्रत्येक उदाहरणात ‘द.सा.द.शे.’ असे छापलेले असे. दर साल, दर शेकडा. पोरे त्या चार अक्षरांना हसत. पण सगळे शहाणपण त्या ‘द.सा.’मध्येच होते, ते गाळले की टक्का नुसता आकडा राहतो, आणि नुसता आकडा ज्याच्या हाती वही असेल त्याची चाकरी करतो.

आता पावसाचे. हवामान खात्याच्या मोजणीत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पावसाची पहिली पायरी, ११५.६ पासून दुसरी आणि २०४.५ पासून तिसरी, अत्यंत जोरदार पावसाची. महसुलाच्या कामकाजात ६५ मिलिमीटर झाला की ‘अतिवृष्टी’. आपण मात्र पहिल्या पायरीलाही अतिवृष्टी म्हणतो आणि तिसरीलाही. एकच शब्द दहादा ऐकून बोथट होतो आणि अकराव्या दिवशी कुणी मान वर करून पाहत नाही.

इरसालगडाच्या पोटातली इरसालवाडी आमच्या चौकच्याच ग्रामपंचायतीतली. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारतर्फे तेव्हा सांगण्यात आले. ४९९ मिलिमीटर हा आकडा कानावरून निघून जातो. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे तीन दिवसांत एकेका गुंठ्यावर पन्नास हजार लिटर पाणी. असे सांगितले की डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. आणि ‘यादीत नाही’ याचा अर्थ ‘तशी नोंद नाही’ एवढाच. ‘धोका नाही’ असा नव्हे. हे दोन अर्थ शास्त्रात अगदी वेगळे आहेत, बोलण्यात मात्र आपण ते सर्रास एक करतो. शब्द नीट वापरल्याने वाडी वाचली असती, असा दावा मी करीत नाही. पण पुढच्या वाडीला ‘यादीत नाही’ असे सांगताना पुढचे वाक्यही सांगितले पाहिजे, एवढे तरी त्या माणसांचे आपल्यावर ऋण आहे.

कुणी म्हणेल, हा आपल्याच अडाणीपणाचा दोष. तसेही नाही. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग विमानाला २२,३०० किलो इंधन हवे होते. हिशेब करणाऱ्यांनी किलोच्या जागी पौंडांचा गुणक धरला आणि निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडाले. ते आकाशातच कोरडे पडले. वैमानिकाच्या कौशल्याने सारे वाचले. पण तिथे ‘भाव कळला ना’ असे कुणी म्हटले नाही. चौकशी झाली.

दुसरे म्हणेल, मराठीत शास्त्र सांगायला शब्दच कुठे आहेत? ही तक्रार तर मला मुळीच मान्य नाही. बल, ऊर्जा, शक्ती. चाल आणि वेग. वस्तुमान आणि वजन. तापमान आणि उष्णता — प्रत्येक अर्थाला आपला शब्द आहे. १९६० साली महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय निघाले, १९६६ साली मराठी विज्ञान परिषद. उलट शब्द इतके नेमके आहेत की शेजारच्या भाषेतून आंधळेपणाने उचलले तर घात होतो : मराठीतला ‘अणू’ हिंदीत ‘परमाणु’ आहे, आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला ‘रेणू’. शब्द पाठ्यपुस्तकात आहेत. परीक्षा झाली की आपण ते पुस्तकासकट रद्दीत घालतो, एवढेच.

आणि काटेकोरपणा आपल्या अंगी नाही असेही नव्हे. या दिवसांत कुठल्याही स्वयंपाकघरात डोकावून पाहा. चकलीच्या भाजणीत वाटीभर मोहनाच्या जागी चमचाभर घालून ‘भाव कळला ना’ म्हणण्याची कुणाची छाती आहे? ‘वजनाने की मापाने?’ हा प्रश्न आपल्या आया-बहिणी पीठ मोजताना आधी विचारतात. तोच प्रश्न जमिनीच्या कागदावर, कर्जाच्या वहीवर, पावसाच्या बातमीवर आणि व्यासपीठावरच्या पाहुण्यांना विचारायचा आहे : कशाचे? किती वेळात? कोणत्या मापाने? पाहुणे रागावतील. रागावू द्यावे. फराळाची ताटे आवरली की घरातल्या मुलांपुढे विजेचे बिल आणि सातबारा ठेवावा, आणि आकड्यापुढे काय लिहिले आहे ते त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे.