दुरुस्तीचा हक्क आणि दाराची मर्यादा

आपल्या आईवडिलांच्या संसारात वस्तू बिघडली की ती टाकून देण्याचा विचार सर्वांत शेवटी येत असे. कल्हईवाला, छत्रीच्या काड्या बदलणारा, स्टोव्ह दुरुस्त करणारा अशी मंडळी दारावर येत आणि आपल्या डोळ्यांदेखत काम करून देत. आज नोएडा, गुरुग्राम, गाझियाबादच्या उंच इमारतींतील स्वयंपाकघरांत यंत्रे वाढली, पण ती बिघडली की बहुधा एकच उत्तर ऐकू येते, "दुरुस्त होणार नाही, नवीनच घ्या." भिंतीच्या कपाटात कायमचा बसविलेला मायक्रोवेव्ह ओव्हन हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

गेल्या पावसाळ्यात आमच्या नोएडातील घरी अशाच ओव्हनचे दार पूर्ण मिटेनासे झाले. दार मिटत नाही म्हणून ओव्हन सुरू होत नव्हता. कंपनीच्या सेवा केंद्रातून आलेल्या गृहस्थांनी वरवर पाहून सांगितले, की दार सुटे मिळत नाही, संपूर्ण ओव्हन बदलावा लागेल. जवळच्या बाजारातील मेकॅनिकने मात्र दोन मिनिटांत उपाय सुचविला, "साहब, स्विच डायरेक्ट कर देता हूँ, दरवाज़ा लगे न लगे, मशीन चलेगी." पहिला सल्ला खिशाला न परवडणारा होता. दुसरा स्वस्त होता, आणि खरा धोका त्याच्याच पोटी होता. आमची दुसरीत शिकणारी मुलगी याच ओव्हनसमोर उभी राहून दूध गरम होण्याची वाट पाहते, हे आठवले आणि मी त्याला थांबविले.

मायक्रोवेव्हचे दार हे कपाटाच्या दारासारखे नुसते झाकण नसते. ओव्हनमधील सूक्ष्मलहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. काचेमागील धातूच्या जाळीची छिद्रे जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असल्याने आतले अन्न आपल्याला दिसते, पण लहरी बाहेर येऊ शकत नाहीत. दाराच्या कडेने आत एक खाच असते. लहरीच्या लांबीच्या साधारण एक चतुर्थांश मापाची ही खाच फटीतून निसटू पाहणाऱ्या लहरींना परतविते. दार वाकले, बिजागरी सैल झाली किंवा कडेवर जळके अन्न साचले, तर ही रचना दुबळी होते.

याहून महत्त्वाची व्यवस्था खटक्यांची आहे. आमच्या बँकेच्या व्यवसायात तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन अधिकाऱ्यांच्या ताब्यातील दोन किल्ल्या लागतात, म्हणजे एकाची चूक दुसऱ्यापाशी अडते. ओव्हनच्या दारामागेही तसेच आहे. दार मिटल्यावर त्याचे आकडे आतील दोन स्विच दाबतात, तेव्हाच वीज पुढे जाते. दार उघडूनही हे स्विच सुटले नाहीत, तर तिसरा स्विच मुद्दाम शॉर्ट सर्किट करून फ्यूज उडवितो. म्हणून दार उघडताच फ्यूज वारंवार उडत असेल, तर जाड फ्यूज घालणे म्हणजे राखणदारालाच झोपविणे होय. आणि स्विच 'डायरेक्ट' करणे म्हणजे तिजोरी सताड उघडी ठेवणे.

येथे अवास्तव भीतीही नको. दिल्लीत 'रेडिएशन' म्हटले की अनेकांना २०१० सालची मायापुरीच्या भंगारबाजारातील दुर्घटना आठवते. तेथे कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ भंगारात आला होता व त्यात एका कामगाराचा मृत्यू झाला. सूक्ष्मलहरी त्या जातीच्या नव्हेत. ओव्हन बंद होताच त्या संपतात. त्यांचा अपाय उष्णतेचा. डोळ्याच्या भिंगात रक्तप्रवाह नसल्याने तेथील उष्णता लवकर निघून जात नाही, म्हणून डोळ्यांना विशेष जपावे लागते. अमेरिकेत १९७१ पासून लागू असलेल्या नियमानुसार ओव्हनपासून ५ सेंटिमीटर अंतरावरील गळती त्याच्या संपूर्ण आयुष्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा अधिक असता कामा नये. ही गळती मोजण्याचे उपकरण मिळते. आत मोबाइल ठेवून तो वाजतो का हे पाहणे ही मात्र परीक्षा नव्हे. सुस्थितीतील ओव्हनमध्येही तो वाजू शकतो.

मग घरी काय करावे? मुख्य फळ्यावरील खटका बंद करून दाराची कड साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावी. घासणी वापरू नये. ओव्हन कपाटात सरळ बसला आहे ना, चौकटीचे बाहेरून दिसणारे स्क्रू सैल झाले नाहीत ना, हे पाहावे. आमच्याकडे दोष नेमका येथेच सापडला. ओल व वाफेने कपाटाचे प्लायवूड फुगले होते आणि दार त्याला अडत होते. सुताराने कड तासली आणि दार पूर्ववत मिटू लागले. एवढ्यासाठी आम्ही संपूर्ण ओव्हन बदलणार होतो! मात्र दाराचे आतले आवरण, बिजागरी, स्विच किंवा बाहेरचा पत्रा आपण स्वतः उघडू नये. आतील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ सुमारे २,००० व्होल्टचा विद्युतभार राहू शकतो. ते काम जाणकाराचेच, आणि काम झाल्यावर गळती मोजून दाखविण्याचा आग्रह धरावा.

माझे मत असे, की सुटा भाग न देणाऱ्या कंपनीला सुरक्षिततेचे कारण पुढे करता येणार नाही. योग्य दार आणि योग्य स्विच रास्त दरात मिळाले नाहीत, तर सामान्य माणूस 'डायरेक्ट' करणाऱ्याकडेच वळतो. दुरुस्तीचा हक्क हा म्हणूनच केवळ पैशाच्या बचतीचा प्रश्न नाही, तो सुरक्षिततेचाही आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळ सुरू केले. समितीने निवडलेल्या चार क्षेत्रांत घरगुती टिकाऊ उपकरणांचाही समावेश होता. सुरुवात चांगली आहे, परंतु सुटे भाग किती वर्षे मिळतील हे खरेदीच्या वेळीच लेखी सांगण्याचे बंधन कंपन्यांवर असावयास हवे.

तोवर ग्राहकाने आपले काम करावे. कपाटात बसविण्याचा ओव्हन घेताना दार, बिजागरी व स्विच सुटे मिळतात का, हे विचारावे. नवा ओव्हन वेगळ्या मापाचा निघाला तर सुताराचा खर्चही वाढतो, हे ध्यानात ठेवावे. पावती जपून ठेवावी आणि दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. वस्तू निकामी झालीच, तर ती भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावी. सीलमपूरच्या गल्ल्यांत असा माल उघड्या हातांनी फोडला जातो.

जुन्या वस्तूला पुन्हा कामास लावणे ही आपल्या घरांची चांगली सवय आहे आणि ती टिकली पाहिजे. पण कोणता स्क्रू आपण फिरवावा आणि कोणत्या स्क्रूपाशी थांबावे, हे ओळखणे हाही त्या सवयीचाच भाग आहे.