वराहपालन: शेडला अनुदान आहे, पण डुकराला वळायला जागा आहे का?

करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. सिनेमातली डुकरं गावात मोकाट फिरतात आणि ती पकडायचं काम एकाच कुटुंबाच्या वाट्याला येतं, तेही जातीमुळे.

आता हेच डुक्कर शेडमध्ये येतंय. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या फार्मसाठी ५० टक्के, कमाल ३० लाख रुपये अनुदान आहे.

डुकरांमध्येही उतरंड असते?

हो. जन्मानंतर काही दिवसांतच पिल्लं आईचे सड वाटून घेतात. पुढच्या सडांसाठी झुंज होते, कारण तिथे सहसा दूध जास्त असतं. मोठी अनोळखी डुकरं एकत्र आली की मारामारी होते. साधारण दोन दिवसांत कोण वरचढ ते ठरतं आणि कळप शांत होतो. पण त्यासाठी हरलेल्याला बाजूला व्हायला जागा लागते. दाटीवाटी असेल तर दुबळं जनावर खाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि कंटाळलेली डुकरं एकमेकांच्या शेपट्या चावतात.

मग पिंजरा का नको?

भांडणं टाळायला जगभरातले अनेक फार्म गाभण मादीला लोखंडी पिंजऱ्यात ठेवतात. गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो आणि पिंजऱ्यात तिला वळताही येत नाही. ब्रिटनने १९९९ मध्ये असे पिंजरे बंद केले. युरोपियन युनियनमध्ये २०१३ पासून गाभणकाळाचे बहुतेक दिवस मादीला कळपात ठेवणं बंधनकारक आहे. भारतातही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर कोंडणं गुन्हा आहे.

शेडमध्ये काय हवं?

ओळखीची डुकरं एकत्र ठेवायची. सगळ्यांना एकाच वेळी खाता येईल अशी लांब गव्हाण, लपायला आडोसा आणि उकरायला पेंढा द्यायचा. डुकराला फारसा घाम येत नाही. करमाळ्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सावली आणि अंगावर पाणी हवंच.

आणि माणसांच्या उतरंडीचं काय?

अनुदानासाठी स्वतःची किंवा भाडेपट्ट्याची जमीन लागते. पिढ्यान्‌पिढ्या डुकरं पाळणाऱ्या अनेक कुटुंबांकडे ती नाही. म्हणजे डुक्कर शेडमध्ये जाईल, पैसा देणारा धंदाही होईल आणि ही कुटुंबं बाहेरच राहतील, असं होऊ शकतं. म्हणून शेडच्या नकाशाइतकीच लाभार्थ्यांची यादीही तपासायला हवी.