एक वावर, तीन वह्या



कपाशीचे वावर एकच, पण त्याचे माप घेणारे तिघे. महसूल खाते पैसेवारी काढते. कृषी खाते पीक कापणी प्रयोगांचे आकडे गोळा करते. विमा कंपनी त्या आकड्याला उंबरठा उत्पादन लावते आणि भरपाई ठरवते. तिघांच्या तीन वह्या. एकाची वही दुसरा उघडून पाहत नाही आणि ज्याचे वावर त्याला तर तिन्ही वह्या बंद!

हा कारकुनी घोळ नाही, पोटावरचा पाय आहे. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली तर महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या बिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. ५१ आली की हात हलवत घरी जा. विम्याचे त्याहून कडक. २०२३ साली एक रुपयात विमा आला, २०२५ च्या खरिपात तो गेला. कपाशीला ५ टक्के आणि ज्वारीला २ टक्क्यांपर्यंत हप्ता पुन्हा आमच्या माथी बसला. स्थानिक आपत्ती, हंगामातले संकट, काढणीनंतरचे नुकसान ही कलमेही त्याच वेळी वगळली. सगळा भार येऊन पडला उत्पादनाच्या आकड्यावर. मोजक्या चौकटींत जे तोलले जाईल, त्यावर अख्ख्या मंडळाचे नशीब!

शेतकी कॉलेजात आम्ही पीक कापणी शिकलो. ज्वारी एकदा कापली, मळली, तोलली की झाले. कपाशी तीन-चार वेचण्यांत घरी येते. प्रत्येक वेचणीला त्याच चौकटीत जाऊन कापूस तोलावा लागतो. पहिल्या वेचणीला माणूस आला आणि पुढच्या वेचण्या टेबलावर बसून भरल्या, तर तो आकडा शास्त्राचा नव्हे, तोंडपाटीलकीचा. आम्ही एका गावासाठी हा आकडा विचारायला गेलो. महसूलवाले म्हणाले, कृषीकडे जा. कृषीवाले म्हणाले, आकडा वर गेला. कंपनीचा माणूस म्हणाला, शासनाला विचारा. तीन उंबरठे झिजवले, आकडा काही दिसला नाही.

मग आमदार काय करतात? नागपूरचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात भरते. विदर्भाची अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला निघते. प्रश्न विचारायच्या वेळी आकडा नसतो आणि आकडा येतो तेव्हा सभागृहाला कुलूप असते. घोडे पेंड खाते ते इथे.

कुणी म्हणेल, पैसेवारीचे गणित वेगळे, विम्याचे वेगळे. मान्य! गणिते खुशाल वेगळी ठेवा. पण पाऊस एक, वावर एक. मग एका वहीत गाव बुडालेले आणि दुसरीत पिकलेले कसे, याचा खुलासा कोणी करायचा? २०२४-२५ मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी झाला. पाट्या रंगवल्या. टेबले अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

आम्हाला मेहेरबानी नको. आमच्या मागण्या तीन :

१. कापणी प्रयोगाची जागा आणि तारीख आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. वजन गावासमोर व्हावे आणि आकडा त्याच दिवशी चावडीवर लागावा.

२. मंडळाचा पाऊस, पैसेवारी, कापणीचा आकडा आणि उंबरठा उत्पादन एकाच तक्त्यात, तिघांच्या सहीने, तहसील कार्यालयात लागावे.

३. ३१ ऑक्टोबरला सुधारित पैसेवारी निघतेच. ती धरून हा तक्ता अधिवेशनाआधी जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराच्या हाती द्यावा. मग कोण बोलला आणि कोण गप्प बसला, ते आम्ही पाहू.

हे होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. त्याच्या कलम ६(३) प्रमाणे दुसऱ्या कार्यालयाच्या कामाचा अर्ज आला तर तो ५ दिवसांत तिकडे पाठवणे हे अर्ज घेणाऱ्याचेच काम आहे. म्हणजे ‘तिकडे जा’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा, अर्ज द्या आणि पोच घ्या.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या मंडळाची पैसेवारी आणि कापणीचा आकडा लिहून आणावा. मिळाला नसेल, तर अर्जाची पोच आणावी. सरकारच्या तीन वह्या एकत्र येत नसतील, तर चौथी वही आपण उघडू. तीत खाडाखोड चालणार नाही.